तळघराचा चार्ज

१

सकाळी आठ चाळीसला फुयुको कुरोइवा तळघरात उतरायची. डोक्याला निळी टोपी, तोंडावर मास्क, डोळ्यांवर जाड चष्मा एवढा जामानिमा करून थंड खोलीचं दार ओढायची आणि पहिल्या काट्याकडे बोट रोखून खणखणीत आवाजात म्हणायची, "दहा अंश, ठीक!" मग दुसऱ्या काट्याकडे, "मिथेन, ठीक!" तिसऱ्याकडे, "टाकीत प्राणवायू शून्य, ठीक!" ऐकायला खोलीत कुणी नसायचं. पण बोट दाखवून तोंडानं बोललं की चूक होत नाही. रेल्वेचा ड्रायव्हर रोज करतो, मग फुयुकोनं का करू नये?

खोलीच्या मधोमध पुरुषभर उंचीची पोलादी टाकी होती. आत दोऱ्यांना स्पंजाचे तुकडे टांगलेले, आणि त्या स्पंजांत अडीच हजार मीटर खोल समुद्राच्या तळाचा काळा गाळ. त्या गाळात एक जीव राहत होता. एका पेशीचा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, आणि इतका संथ की एकाचे दोन व्हायला त्याला पंचवीस दिवस लागायचे. समुद्र-संशोधन संस्थेतली माणसं त्याला 'पाहुणी' म्हणत. या पाहुणीची ऊठबस करण्यात फुयुकोची तेरा वर्षं गेली होती. आई वारली तेव्हासुद्धा ती गोतो बेटावरच्या घरी दोनच दिवस राहिली, कारण तिसऱ्या दिवशी टाकीला खाऊ घालायचं होतं.

आता मात्र तिनं राजीनामा दिला होता. बेटावर तिचे वडील एकटे होते. वय चौऱ्याऐंशी, डोळे जवळजवळ गेलेले. जानेवारीत ते अंगणात घसरून पडले आणि पोस्टमन येईपर्यंत अर्धा दिवस तसेच पडून राहिले. ते ऐकल्यापासून फुयुकोच्या जिवाला घोर लागला होता. एकतीस मार्चला सुटायचं आणि दोन एप्रिलला बोटीतून उतरायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

तळघरात मोबाईल चालत नाही. भिंतीवर जुना फोन होता आणि रोज दुपारी बारा दहाला तो वाजायचा.

"जिवंत आहेस का त्या फ्रीजमध्ये?"

"आहे, बाबा. खोकला कसा आहे?"

"त्याला काय धाड भरलीय? माझ्यापेक्षा धडधाकट आहे तो. तू कधी येतेस?"

"सांगितलं ना, दोन तारखेला."

"दर वर्षी 'येते' म्हणतेस."

"या वेळी तिकीट काढलंय."

"तिकीट काय, मी चंद्राचंही काढीन," म्हातारा म्हणाला. तिला हसू आलं. पण पाचव्या मिनिटाला टाकीची वेळ झाली आणि तिनं घाईघाईनं फोन ठेवला.

२

जाणाऱ्या माणसानं मागे चार्जची वही ठेवून जायचं, असा नियम होता. आस्थापना विभागातल्या ओरिहाराबाईंनी तिच्या हाती एक कोरी, जाड वही दिली.

"नवीन माणूस एक तारखेला येईल. बारीकसारीक सगळं लिहा, कुरोइवा-सान. तुम्ही गेल्यावर तुम्हाला फोन करायची पाळी यायला नको. आणि हा पेन्शनच्या टपालासाठी घराचा नकाशा. धक्क्यापासून दारापर्यंत हातानं काढायचा."

फुयुकोनं त्याच दिवशी नकाशा काढला. धक्का, चढ, देवळाची पायरी, कॅमेलियाच्या झुडपांचं कुंपण, तिसरी बोळ, घर. एक प्रत ओरिहाराबाईंना दिली आणि एक वहीत चिकटवली. मग ती कामाचं लिहायला बसली. तिचा स्वभावच असा की अर्धवट लिहिलेलं तिला झोपू देत नसे. पंपाबद्दल तिनं अख्खं पान लिहिलं: नळीला कान लावावा. झोपलेलं माणूस कुशीवर वळावं तसा आवाज आला तर ठीक. दोनदा वळल्यासारखा आला तर झडप पाहावी. तेरा वर्षांत हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नळीला कान लावला. आवाज आला. कुर्र, मग थांबून कुर्र. ती ऐकत राहिली आणि तिच्या लक्षात आलं की हा आवाज बरा की वाईट, हे तिला सांगता येत नाहीये. कालपर्यंत कान लावल्या लावल्या कळायचं. आता नुसता आवाज होता.

वयाची बावन्न वर्षं झाली, कान जायचेच, असं म्हणत तिनं नोंदवही उघडली. आजच्या तारखेसमोर लिहिलेलं होतं, 'पंप: ठीक. वेळ ८.२०.' अक्षर तिचं. शेजारी सहीच्या जागी तिच्या नावाचा लाल शिक्का. आठ वीसला ती बसमध्ये होती, आणि शिक्का तिच्या पर्समध्ये, चेन लावलेल्या कप्प्यात होता. तिनं काढून पाहिला, होता. काल जाताना घाईत आजच्या रकान्यात लिहिलं असणार, दुसरं काय!

बाहेर पडताना तिनं दाराच्या आतल्या मुठीला हात लावला. दहा अंशांच्या खोलीत ती पोलादी मूठ नेहमी बोटांना चावायची. आज ती कोमट होती.

३

पुढचं पान स्पंजाच्या दोऱ्यांचं होतं. ती गाठ तिला वडिलांनी शिकवली होती, मासेमारीच्या जाळ्याची. ओली झाली की घट्ट होणारी. फुयुकोनं चार आकृत्या काढून ती समजावली.

दोन दिवसांनी एक दोरा तुटला. तिनं टोकं हातात घेतली आणि बोटं तशीच राहिली. उजवं टोक वरून की खालून? तिनं वही उघडून स्वतःच्याच आकृत्या पाहिल्या, तरी जमेना. सहाव्या वर्षी शिकलेली गाठ! ती चिमटा आणायला बाहेर गेली, परत आली, तर दोरा बांधलेला होता. गाठ सुबक होती. तिच्या गाठीपेक्षा जरा जास्तच आवळलेली.

तेवढ्यात त्सुबोउची सेन्सेई, म्हणजे सर, आले. हे प्रयोगशाळेचे प्रमुख. पासष्टीचा, गप्पिष्ट माणूस. त्यांच्या हातात सूक्ष्मदर्शकातून काढलेला नवा फोटो होता.

"बघा तुमच्या पाहुणीचा थाट!"

फोटोत एक गोल गोळा होता आणि त्याला लांबच लांब हात फुटले होते. हातांना फाटे, फाट्यांना आणखी बारीक फाटे.

"सेन्सेई, हिला हात कशाला हवेत?"

"धरायला. शेजारणीला धरून ठेवते ती. दोन अब्ज वर्षांपूर्वी हिच्याच कुळातल्या एकीनं शेजारणीला असंच धरलं, आत ओढलं आणि खाल्लं नाही. म्हणून तर आज आपण आहोत. झाडं, मासे, तुमचे बाबा, सगळे."

"का नाही खाल्लं?"

"ते कळलं असतं तर मी या तळघरात कशाला झुरलो असतो?" सेन्सेई हसले. "आतलीनं मग हळूहळू आपली कामं बाहेरचीकडे सोपवली. भिंत सांधायचं काम, डागडुजीचं काम, एकेक. चार्ज दिला म्हणा ना, तुमच्यासारखा. शेवटी तिच्याकडे एखाददुसरंच काम उरलं."

"मग मेली?"

"छे, मरतेय कसली! तुमच्या-माझ्या हाडामांसात अजून आहे. फक्त तिला बाहेर पडता येत नाही."

फुयुकोला हसावंसं वाटलं नाही. ती म्हणाली, "आणि अगदी पहिली? जिच्या आधी कुणीच नव्हतं ती?"

"काही लोक म्हणतात, समुद्राच्या तळाशी कोमट खडक होते आणि त्यांत बारीक बारीक पोकळ्या. आधी नुसत्या रिकाम्या खोल्या, कुरोइवा-सान. राहणारं नंतर आलं."

ते गेल्यावर ती पुन्हा थंड खोलीत शिरली नाही. दाराच्या गोल काचेतून फक्त पाहिलं. टाकी, पंप, स्टूल. खोली रिकामी होती आणि ते तिला अजिबात आवडलं नाही.

४

वहीत आता पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या दिसू लागल्या. प्रत्येकीवर एक प्रश्न, छापल्यासारख्या सरळ अक्षरात, पेन दाबून लिहिलेला. 'फडकं कोणत्या हातानं पिळता?' 'जिना चढताना मध्ये थांबता का?' ओरिहाराबाई नव्या माणसाचे प्रश्न पाठवत असणार, असं तिनं धरलं. कुणीतरी मन लावून वाचतंय, म्हणून तिला बरंही वाटलं. सहकाऱ्यानं विचारलेला प्रश्न अनुत्तरित ठेवणं म्हणजे तिच्या लेखी उद्धटपणाच. तिनं सगळ्यांची उत्तरं लिहिली. दुसऱ्या दिवशी फडकं पिळताना दोन्ही हात सारखेच परके वाटले, तरी लिहिली.

चोवीस तारखेची चिठ्ठी होती, 'बारा दहाचा फोन कुणाचा? काय बोलायचं?'

फुयुकोनं चिठ्ठी दोनदा वाचली. मग वाटलं, बरोबरच आहे. सवयीनं बाबा एप्रिलमध्येही फोन लावतील, नव्या माणसाची पंचाईत होईल. तिनं बाबांच्या नंबरासकट लिहिलं, 'माझ्या वडिलांचा. वय चौऱ्याऐंशी, दिसत नाही. खोकल्याची चौकशी करावी. आईचा विषय काढला तर त्यांना आवडतं. घाई दाखवू नये.' शेवटचं वाक्य लिहिताना तिला स्वतःचीच लाज वाटली.

दुपारी ती वर गेली होती तेव्हा ओरिहाराबाईंना म्हणाली, "नवीन माणूस फार चौकस दिसतो. रोज चिठ्ठ्या असतात."

"कसल्या चिठ्ठ्या?" ओरिहाराबाईंनी चष्मा वर सरकवला. "वही मी एकदाच पाहिली, वीस तारखेला. आणि नवीन कोण येणार त्याचं अजून नावसुद्धा ठरलेलं नाही. तुम्हाला बरं आहे ना? हात किती गार पडलेत तुमचे!"

फुयुकोनं हात मागे घेतला. तिला तो गार लागत नव्हता.

५

पंचवीस तारखेला फोन वाजला नाही.

ती त्याच्या खालीच डबा उघडून बसली होती. बारा दहा झाले, बारा वीस झाले. तिनं डबा बंद केला. अंगणात पालथे पडलेले बाबा डोळ्यांसमोर आले. बारा चाळीसला ती धावत वर गेली आणि मोबाईलवरून फोन लावला.

"आता पुन्हा काय?" बाबांचा आवाज चक्क खुशीत होता.

"पुन्हा म्हणजे? तुम्ही फोन का नाही केला?"

"केला की! अर्धा तास बोललो. डोकं गोठलं का तुझं त्या फ्रीजमध्ये?"

"बाबा, मी फोनखालीच बसले होते. वाजलाच नाही."

"मग काय मांजरीनं उचलला? तूच होतीस. आईचं किती दिवसांनी बोललीस! ती तळलेले उडते मासे कसे लपवून ठेवायची, ते सांगून मी हसत होतो. आणि तू ऐकत होतीस, पोरी. एरवी तुला कुठे वेळ असतो?"

फुयुकोनं फोन ठेवला. भीती वाटलीच, पण त्याहून वाईट म्हणजे तिला हेवा वाटला. तेरा वर्षांत आपल्याशी बोलून बाबा असे कधी खुलले होते, ते तिला आठवेना.

खाली येऊन तिनं वही कागद फाडायच्या यंत्रात घालून बारीक करायची असं ठरवलं. शेवटचं पान उघडलं. तिथं नवी चिठ्ठी होती. 'धन्यवाद. एवढं पुरे.'

६

सत्तावीसला सकाळी तिनं ठरवलं, एकतीस गेली खड्ड्यात, आजच निघायचं. वरच्या मजल्यावरच्या कपाटात तिनं बॅग भरून ठेवली होती, राखाडी कोट होता, जाताना सगळ्यांना वाटायला आणलेला मिठाईचा खोका होता. कपाट उघडलं तर आत नुसतं हँगर हलत होतं.

समोरच्या टेबलावरच्या माणसाच्या हातात मिठाईचा कागद होता. तो तोंड पुसत फोनवर कुणाला तरी सांगत होता, "हो, कुरोइवा-सान आत्ताच निघाल्या. डोळ्यांत पाणी आलं बिचारीच्या."

फुयुको डोक्यावरच्या टोपीसकट फाटकाकडे धावली. बाहेर लख्ख ऊन होतं. चार पावलांतच छाती भरून आली. श्वास घेत होती, पण तो पुरत नव्हता. उलट प्रत्येक श्वासागणिक आत काहीतरी करपल्यासारखं होत होतं. बसथांब्यावरच्या फलकावर गावांची नावं होती. ती तिला वाचता आली, पण त्यांतलं आपलं कोणतं ते कळेना. तिनं बेटावरची वाट आठवून पाहिली. धक्का, चढ, कुंपण. आठवल्या त्या फक्त कागदावरच्या रेघा.

बस सुटत होती. मागच्या सीटवर राखाडी कोटातली एक बाई पाठमोरी बसली होती. केस फुयुकोसारखे, तिच्याच पिनेनं बांधलेले. बस वळली तेव्हा तोल सावरायला बाईनं वरच्या दांडीला हात घातला. बाहीतून हात बाहेर आला आणि येतच राहिला. बोटं दांडीभोवती गुंडाळली गेली. पाच होती की किती, फुयुकोला मोजता आलं नाही, कारण टोकांशी त्यांना पुन्हा बारीक बोटं फुटली होती.

बस निघून गेली. फुयुको भिंतीला धरत धरत माघारी फिरली. तळघराच्या जिन्यावर तिला श्वास पुरायला लागला. थंड खोलीत शिरून दार लावलं तेव्हा कुठे छाती मोकळी झाली, आणि ती स्टुलावर बसून हमसून हमसून रडली.

७

त्यानंतरचे तीन दिवस ती तिथंच होती. भूक लागली नाही. खोली गार वाटली नाही. दोनदा ती जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत गेली आणि दोन्ही वेळा धापा टाकत परतली. आपल्याला काहीतरी आजार झालाय, सेन्सेई आले की दवाखान्यात नेतील, असं ती स्वतःला सांगत राहिली. दर तासाला उठून काटे तेवढे तपासत होती.

तीस तारखेला सेन्सेई आले. ती धावत पुढे झाली.

"अरे वा, तुम्ही दोन दिवस आधीच आलात!" सेन्सेई अदबीनं वाकले. "मी त्सुबोउची. कुरोइवा-सान तुमचं फार कौतुक करून गेल्या. म्हणाल्या, सगळं तिच्यावर सोपवा, ती कुठे जायची नाही."

"सेन्सेई, अहो, मीच कुरोइवा!" तिनं मास्क ओढला, चष्मा काढला, टोपी फेकली. "ओळखलं नाहीत? तेरा वर्षं..."

सेन्सेईंनी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. अनोळखी बाईकडे पाहावं तितपतच, मर्यादा सांभाळून. "हो, त्या तेरा वर्षं होत्या," ते म्हणाले. "तुम्हीही रुळाल. मास्क मात्र असू द्या हं."

ते शीळ घालत जिना चढून गेले.

८

बाबांचा नंबर तिला आठवत नव्हता. बारीक करायची राहून गेलेल्या वहीत पाहून भिंतीवरच्या फोनवर एकेक आकडा दाबावा लागला. बारा वाजून गेले होते. ती बाई बेटावर केव्हाच पोचली असणार. बाबा एकटे, त्यांना दिसत नाही, आणि ते हात घरात. आपल्याला जाता आलं नाही तरी त्यांना बाहेर काढायचंच, एवढ्या एका गोष्टीला ती चिकटून होती.

"हॅलो," बाबा म्हणाले.

"बाबा, मी फुयु. नीट ऐका, बोलू नका. घरात जी आलीय ती मी नाही. काठी घ्या आणि शेजारी जा. आत्ताच्या आत्ता."

पलीकडे, मागे कुठेतरी चुलीवर काहीतरी रटरटत होतं.

"माहीत आहे मला," बाबा म्हणाले. त्यांनी तोंडाशी हात धरला असावा, आवाज अगदी लहान झाला होता. "डोळे गेलेत, अक्कल नाही गेली. उंबऱ्यात पाऊल पडलं तेव्हाच कळलं. पाठ चोळून देते तर तिचा हात... जाऊ दे ते."

"मग तिथं कशाला थांबलात? बाहेर पडा ना, बाबा!"

"आणि कुठे जाऊ?" ते जरा खोकले. "आई गेली तेव्हा दोन दिवस राहिलीस. मी अंगणात पडलो तेव्हा पोस्टमन आला. तेरा वर्षं 'येते, येते' म्हणालीस, फुयु. ही आली. कोण असेल ती असो. आली, आणि माझ्याशेजारी बसून राहिली."

"मी तिकीट काढलं होतं," फुयुको रडत म्हणाली. "खरंच काढलं होतं."

"माहीत आहे, बाळा. काढलं असशील." बाबा म्हणाले. "मला काही करत नाही ती. का करत नाही, ते मी तिला विचारत नाही, तूही मला विचारू नकोस."

तेवढ्यात त्यांच्या मागे कुणीतरी चालत आलं. फुयुकोला स्वतःचा आवाज ऐकू आला, तिला कधीच जमली नाही एवढी सवड त्यात होती.

"बाबा, कुणाचा फोन आहे?"

"कुणाचा नाही गं," बाबा मोठ्यानं म्हणाले. "चुकून लागला."

आणि त्यांनी फोन हळूच ठेवून दिला.